पाहुण्याची बॅग कुठे ठेवावी

पाहुणे गेले की खोलीत काहीतरी राहतंच. मोबाईलचा चार्जर, केसांची क्लिप, एका पायाचा मोजा, कधी अर्धी वापरलेली साबणवडी. हे सगळं मी एका खोक्यात टाकत गेलो. चार्जरसाठी फोन आले, ते कुरिअरने पाठवले. मोज्यासाठी कोणीही फोन केला नाही. किस्से साठतात ते असेच. ज्याचा असतो तो विसरून निघून जातो आणि आपल्याला टाकवत नाही.

हे किस्से सांगण्यासारखे आहेत की नाहीत याची मला खात्री नाही. तशी मला कशाचीच खात्री नसते. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं आणि पीएच.डी. केली ती संशय या विषयावर. माझी पत्नी कुसुम म्हणायची, "तुमाले विषय शोधाले काई लांब जावं लागलं नसन."

आमच्या सुलतानपूरहून लोणारचं सरोवर जवळ. ते पाहायला लांबून लोक येतात आणि लोणारात मनासारखी जागा मिळाली नाही की आमच्याकडे वळतात. त्यांना खोल्या देणारे गावात आम्ही तिघं. एक गजूभाऊ. सोयाबीन आणि हळदीचे शेतकरी, शेतात विहिरीजवळ त्यांनी दोन खोल्या बांधल्या. दुसऱ्या वंदनाताई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या, घरावरचा मजला त्या पाहुण्यांना देतात. कुसुमची त्यांच्याशी घट्ट मैत्री होती. आणि तिसरा मी.

मी यात पडलो ते कुसुम गेल्यावर. मुलगा प्रशांत पुण्याला असतो. तो म्हणाला, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. मी म्हणालो, विचार करतो. मी विचार करतो म्हणालो की वर्ष जातं हे त्याला लहानपणापासून माहीत. तेवढ्यात गजूभाऊ म्हणाले, "सर, घर खाली ठेवलं तं उंदरं राह्यते. त्याच्यापरीस माणसं राहू द्या."

प्रशांतने ऐकून घेतलं. ॲपवर घराची नोंद त्यानेच केली, फोटोही त्यानेच टाकले. आणि एक अट घातली. उन्हाळ्यापर्यंत बघू. तुम्हाला झेपलं, लोक समाधानाने गेले, तर राहा तिथेच. नाही तर मे महिन्यात मी गाडी घेऊन येतो.

खातं त्याच्या नावावर होतं. म्हणजे पाहुण्यांनी माझ्याबद्दल जे काही लिहिलं ते माझ्याआधी त्याला दिसायचं. मी जन्मभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. आता माझी उत्तरपत्रिका रोज पुण्याला जाऊ लागली.

*

पहिलं जोडपं नागपूरचं होतं. नुकतंच लग्न झालेलं.

ते येणार म्हणून मी आठवडाभर आधीपासून काळजीत. गीझरचं बटण उलटं आहे. मागच्या नळाचं पाणी पिण्याचं नाही. खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. हे सगळं तोंडी सांगितलं तर विसरतील, आणि सारखं सांगत बसलो तर म्हातारा डोकं खातो म्हणतील. म्हणून मी सूचना लिहिल्या. सुवाच्य अक्षरात, कारणांसहित. गीझरवर एक, नळावर एक, खिडकीवर एक, आरशावर एक, कारण आरसा जरा तिरका होता आणि त्यात माणूस असतो त्यापेक्षा जाड दिसतो. पंख्याच्या रेग्युलेटरखाली दोन लावल्या, एक पंख्याची आणि एक पहिल्या सूचनेतल्या चुकीची दुरुस्ती.

सकाळी ती मुलगी ओसरीवर आली. चहा घेता घेता अगदी हळू विचारलं, "काका, या घरात आधी काही झालंय का?"

मी म्हणालो, "नाही, का?"

"नाही, इतकं जपायला सांगितलंय ना सगळीकडे."

जाताना दोघंही हसत गेली, त्यामुळे मला वाटलं सगळं ठीक झालं. संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. त्यांनी लिहिलं होतं: घर स्वच्छ आहे. वाचायला भरपूर.

वंदनाताईंनी त्याच दिवशी येऊन सगळे कागद काढले. एकच ठेवू दिला. त्यावर मी लिहिलं होतं, "काही लागलं तर हाक मारा." तो कागद आरशाशेजारी राहिला. आरसा तिरकाच राहिला.

*

गजूभाऊंच्या शेतात मुंबईचे चार तरुण उतरले होते. गजूभाऊंनी त्यांच्यासाठी रोडग्यांचा बेत केला. म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर खरपूस भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आम्हालाही बोलावलं होतं.

मुलं भुकेली होती. पहिला रोडगा सरसर गेला, दुसराही गेला. तिसऱ्यापाशी त्यातला एक चष्मेवाला मुलगा थांबला आणि त्याने ताटावर हात आडवा धरला.

आता हे समजून घ्यायला हवं. मुंबईत ताटावर हात धरला म्हणजे जेवण संपलं. आमच्याकडे ताटावर हात धरला म्हणजे आग्रह सुरू झाला. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने वाढायचं, पाहुण्याने हात धरायचा, यजमानाने बोटांच्या फटीतून वाढायचं. न धरता वाढून घेणारा पाहुणा आमच्या आया-मावश्यांना जरा विचित्रच वाटायचा.

गजूभाऊंनी वरणाची वाटी त्याच्या हातावर ओतली. उकळतं वरण.

मुलगा किंचाळला नाही, शहरातली मुलं सोशिक असतात. वंदनाताईंनी त्याला ओढतच नळावर नेलं, हात गार पाण्याखाली धरला, मलम लावलं. गजूभाऊंचा चेहरा उतरला होता. ते म्हणत होते, "अरे, पण त्यानं हात काऊन नाई काढला? वाढाची वेळ आली का हात काढून घ्या लागते ना."

त्यांच्या पोरीने दोन दिवसांनी मोबाईलवर पाहून सांगितलं की त्या मुलांनी लिहिलंय. गजूभाऊ तसेच मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. एकच ओळ होती: जेवण गरम होतं.

"पाहा सर," गजूभाऊ म्हणाले. "पोरं नाराज नाई गेली."

 शेजारी बसलेल्या वंदनाताईंनी मला खुणेनेच गप्प बसवलं.

*

कुसुमचा एक नियम होता. पाहुणा घरात असेल तर तो जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. ती असताना हा नियम मला कधी जाणवलाच नाही, कारण भूक लागली की ती मला मागच्या दारी हळूच काहीतरी द्यायची.

जळगाव जामोदचे एक वयस्कर मास्तर आणि त्यांच्या मंडळी सकाळी सरोवर पाहायला गेले. दुपारी जेवायला येतो म्हणाले. आमच्या शेजारची बाई स्वयंपाक करून गेली. एक वाजला, दोन वाजले. मी ओसरीवर बसून राहिलो. फोन करावा का? करावा तर त्यांना वाटेल घाई करतोय. न करावा तर वरण निवतंय. या विचारात आणखी वेळ गेला.

ते आले तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत एका ढाब्यावर पोटभर जेवून आले होते. दारातच मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाकून ठेवलेल्या ताटांकडे पाहिलं. त्यांच्या मंडळींनी विचारलं, "तुमचं जेवण व्हायचंय का हो?"

मी म्हणालो, "माझं काय, तुमचं होऊ द्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मास्तर म्हणाले, "चला, बसूच या."

जेवताना मला तर काही सुचेना. ते दोघं ढेकर दाबत घास गिळत होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी भूक नसल्यासारखा सावकाश जेवलो, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते भूक असल्यासारखे भराभर जेवले. शेवटी मास्तर भिंतीला टेकून म्हणाले, "सर, खरं सांगू का, असं दडपून जेवायला आमची आईच लावायची."

ते दोन दिवसांसाठी आले होते, चार दिवस राहिले. दुसऱ्या दिवसापासून मात्र निघताना सांगून जायचे, "आम्ही बाहेर खाणार आहोत, तुम्ही जेवून घ्या." मी हो म्हणायचो. आणि थांबायचो.

*

वंदनाताईंचा हा किस्सा त्यांनी स्वतः कधी सांगितला नाही. मी तिथे होतो म्हणून मला माहीत.

त्यांच्याकडे एक कुटुंब उतरलं होतं. नवरा, बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. संध्याकाळी आजींना एकदम घेरी आली. वंदनाताईंनी त्यांना आडवं केलं, बी.पी. पाहिलं, साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्याने पाजलं, तळपाय चोळले. आजींचा हात हातात धरून उशाशी बसून राहिल्या. आजी त्यांच्याच खांद्याला टेकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घ्यायला त्यांच्याकडे गेलो तर सगळे नाश्त्याला बसलेले. समोर पोह्यांच्या बशा. आजींचा मुलगा, म्हणजे ते गृहस्थ, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत होते. मग म्हणाले, "ताई, तुमचं पूर्ण नाव काय?"

"वंदना."

"नाही, म्हणजे आडनाव?"

वंदनाताईंनी चहा गाळता गाळता सांगितलं, "सांगते ना. पोहे खा."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "नाही, सहज विचारलं. मूळ गाव कोणतं तुमचं? आडनावावरून लगेच लक्षात येतं ना."

पोह्यांना त्यांनी अजून हात लावला नव्हता. मला पेपरमागे तोंड लपवावंसं वाटलं. आपण मध्ये बोलावं का, बोललो तर वंदनाताईंना आवडेल का, असा मी नेहमीप्रमाणे विचार करत बसलो.

वंदनाताईंनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "काल आजीचा हात धरला तवा विचाराचं राहून गेलं वाटते तुमचं."

 मग आजींनी आपली रिकामी बशी पुढे केली.

"वंदना," त्या म्हणाल्या, "अजून थोडे पोहे टाक बाई. आणि याची बशी मला दे, त्याला नको असतील."

*

पाहुण्याला दारातून निरोप द्यायचा नसतो असं माझ्या वडिलांनी शिकवलं. फाट्यापर्यंत जायचं, एस.टी. येईपर्यंत थांबायचं, गाडी दिसेनाशी झाली की मग मागे फिरायचं. अर्थात तेव्हाचे पाहुणे एस.टी.ने यायचे.

आता सगळे कारने येतात. कारला निरोप कसा द्यायचा? मी बराच विचार केला आणि एक मार्ग काढला. निघताना मी त्यांच्याच कारमध्ये बसायचो, फाट्यावर उतरायचो, हात हलवायचो आणि चालत घरी यायचो. काहींना वाटायचं मला फाट्यावर काम आहे. मी तसं वाटू द्यायचो.

अकोल्याच्या एका डॉक्टर मुलीला ते पटेना. फाट्यावर मी उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिने विचारलं, "काका, आता तुम्ही घरी कसे जाणार?"

"चालत."

"या उन्हात? मग आलात कशाला?"

"तुम्हाला सोडायला."

तिने कार वळवली, मला बसवलं आणि परत घरी आणून सोडलं. मी उतरलो. ती म्हणाली, "येते काका." आता ती पुन्हा माझ्या दारातून निघाली होती. पाहुणी दारातून निघाली तर फाट्यापर्यंत जायलाच हवं. मी कारचं दार उघडून परत आत बसलो.

तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. एकाच्या मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं, शेवट नाही. वर्गात मी याची फार अवघड उदाहरणं द्यायचो. हे सोपं उदाहरण निवृत्तीनंतर सापडलं.

वंदनाताई समोरून येत होत्या. त्यांनी खिडकीतून सगळी हकिकत ऐकली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मला हाताला धरून उतरवलं. "सर, तुमी गेटापाशीच थांबत जा. पोरीले ड्यूटी हाये."

ती पोरगी गेली. मी गेटापाशी उभा राहिलो. पण कार दिसेनाशी होईपर्यंत.

*

आता बॅगेबद्दल.

पाहुण्याने आणखी एक दिवस राहावं असं वाटलं तर त्याची बॅग लपवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तोंडाने राहा म्हटलं तर पाहुणा नाही म्हणतो, मग त्याचा नकार ऐकावा लागतो. बॅगच नाही म्हटल्यावर बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

कुसुम यात फार तरबेज होती. तिचा भाऊ मोताळ्याहून यायचा, एका रात्रीसाठी. सकाळी त्याची पिशवी गायब. तो पलंगाखाली पाही, माळ्यावर पाही, बाहेर न्हाणीत पाही. तोवर त्याची एस.टी. निघून जायची. मग तो हसत बाजेवर बसायचा आणि म्हणायचा, "ताई, जागा तरी सांग." तिने शेवटपर्यंत सांगितली नाही. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, ती अर्धी रिकामीच असायची. पिशवी त्यात जायची, वर झाकण, झाकणावर गोधड्यांची चवड. हे तिला माहीत, मला माहीत, आणि पिशवी उचलून नेणाऱ्या प्रशांतला माहीत. वंदनाताईंनाही तिने सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे पुण्याचे एक गृहस्थ उतरले होते. सरोवराकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढायला आले होते. मितभाषी, वक्तशीर. गजूभाऊ संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचे आणि त्यांना पक्ष्यांबद्दल विचारायचे. त्यांच्याच बांधावर रोज येणारा पक्षी किती लांबून येतो हे ऐकून गजूभाऊ थक्क झाले होते.

निघायच्या दिवशी सकाळी गृहस्थ म्हणाले, "माझी बॅग दिसत नाही."

मला वाटलं मीच कुठेतरी ठेवली असेल. मला नेहमी आधी तेच वाटतं. मी खोली पाहिली, ओसरी पाहिली, घाबरून कोठीसुद्धा पाहिली. मग फ्रिज उघडून पाहिला. ते त्यांनी पाहिलं, आणि तिथून पुढे त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असावा.

गजूभाऊ खांबाला टेकून उभे. तोंडावर समाधान. म्हणाले, "नाई सापडत ना? मंग राहा आजचा दिस."

गृहस्थांनी मोबाईल काढला. पोलिसांचा नंबर काय आहे असं त्यांनी मला विचारलं. मी तो सांगणार इतक्यात वंदनाताई आल्या. त्यांनी एकदाच गजूभाऊंकडे पाहिलं. "गजूभाऊ, कुठी हाये?"

"कुटारात," गजूभाऊ म्हणाले. म्हणजे त्यांच्या गोठ्यामागच्या सोयाबीनच्या भुशात.

बॅग आली. भुसा झटकता झटकता मी त्या गृहस्थांना ही रीत समजावून सांगितली. तिचा हेतू, तिच्यामागची भावना, सगळं मुद्देसूद. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि गजूभाऊंना विचारलं, "म्हणजे मी जाऊ नये म्हणून?"

"हाव."

"पण का?"

गजूभाऊ ओशाळून जमिनीकडे पाहत म्हणाले, "पक्ष्याईचं अजून बाकी होतं ना."

ते गेले. त्यांनी लिहिलं: सामान नाहीसं झालं, मग सापडलं. कारण सांगण्यात आलं, पण समजलं नाही.

संध्याकाळी प्रशांतचा फोन. आवाज ऑफिसातला. "बाबा, हे काय आहे?"

मी सांगितलं.  त्याने विचारलं, "आईची जागा त्यांना दाखवली नाहीत ना?"

"नाही. गजूभाऊंनी कुटारात ठेवली होती."

"मग ठीक." पुढे म्हणाला, "पण बाबा, असं चालणार नाही. उद्या कोणी खरंच पोलिसात गेलं तर? तुम्ही एकटे आहात तिथे. मी मे महिन्यात येतोय."

"बरं," मी म्हणालो. त्याचंही खरं होतं. मला दोन्ही बाजू नेहमीच खऱ्या वाटतात, हीच माझी अडचण.

वंदनाताईंनी गजूभाऊंकडून वचन घेतलं की यापुढे कोणत्याही पाहुण्याची बॅग लपवायची नाही. गजूभाऊंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पण मे महिन्याचं ठरलं ते ठरलं.

*

प्रशांत मे महिन्यात आला. सुट्टी काढून, एकटाच, गाडी घेऊन.

त्याची जुनी खोली आता पाहुण्यांची झाली होती, तीच त्याला दिली. आरशाशेजारचा कागद त्याने वाचला. थोड्या वेळाने आतूनच हाक आली, "बाबा, टॉवेल." टॉवेल दोरीवर त्याच्या समोरच होता. मी नेऊन दिला.

तो तीन दिवसांसाठी आला होता. पहिल्या दिवशी घाईत होता, फोनवर बोलायचा, घड्याळ पाहायचा. दुसऱ्या दिवशी गजूभाऊंच्या विहिरीवर गेला तो थेट दुपारी परतला. वंदनाताईंनी त्याला ताटावर हात धरू दिला नाही. मी किस्से सांगितले, नागपूरच्या जोडप्याचा, त्या डॉक्टर मुलीचा. काही त्याला माहीत होते, पण त्याने ऐकले. अनवस्थेपाशी तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि वंदनाताईंनी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, लहानपणी मारायच्या तशा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बॅग भरली. चार सदरे, दोन स्वेटर, कारण पुण्यात थंडी कधी पडते मला आठवत नव्हतं. कुसुमचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून वरती ठेवला. गोळ्या खिशात आणि चष्मा नाकावर असतो, त्यामुळे बाकी काही नव्हतंच. बॅग ओसरीवर खुर्चीशेजारी ठेवली. प्रशांत तिच्याकडे बघत बसला होता.

सकाळी लवकर निघायचं होतं. वंदनाताई वाटीत दही घेऊन आल्या. गजूभाऊ तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन आले. मी घराच्या किल्ल्या वंदनाताईंच्या हातात दिल्या. त्यांनी त्या पदरात बांधल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या. प्रशांत म्हणाला, "चला बाबा, बॅग द्या, डिकीत ठेवतो."

खुर्चीशेजारी बॅग नव्हती.

खोलीत नव्हती. गाडीत नव्हती. वंदनाताईंनी गजूभाऊंकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"गळ्याशप्पथ," गजूभाऊ म्हणाले. "सर, आईची आण. या खेपेला म्या नाई."

"गजूभाऊ, हे पोरगं पुण्याहून आलं हाये. त्याची सुट्टी संपून राह्यली," वंदनाताई म्हणाल्या.

"अवो ताई, म्या नाई म्हणून राह्यलो ना. चाला, कुटार पाहून घ्या."

ते दोघं खरंच शेतात जाऊन कुटार उपसून आले. अंगभर भुसा, हात रिकामे. गजूभाऊंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं आणि त्यांचा अपराध नव्हता, हे मला दिसत होतं. मग बॅग गेली कुठे? पुन्हा तीच शंका आली. मीच ठेवली असेल. झोपेतून उठून, नकळत. माझं काही सांगता येत नाही.

प्रशांत पायरीवर बसला होता. एवढा वक्तशीर मुलगा, पण घड्याळाकडे पाहत नव्हता. समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होता.

मी पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेलो. कोठीवर गोधड्यांची चवड होती. गेल्या हिवाळ्यात मी ती उतरवली होती आणि परत लावली नव्हती. आता लावलेली होती, काठाला काठ जुळवून, कुसुम लावायची तशी.

मी गोधड्या उतरवल्या आणि झाकण उचललं. ज्वारीच्या वासातून माझी निळी बॅग वर बघत होती.

मी झाकण लावलं. गोधड्या परत एकावर एक ठेवल्या. काठ मला नीट जुळवता आले नाहीत.

बाहेर आलो. तिघंही माझ्याकडे पाहत होते.

"घरात तर कुठेच नाही," मी म्हणालो.

प्रशांत बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मले माहीतच होतं." मग गजूभाऊंना म्हणाला, "काका, आज रोडगे करता का?"

त्या दिवशी त्याने तीन खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच निघाला. मी गेटापाशी उभा होतो. त्याने खिडकीची काच खाली केली आणि म्हणाला, "बाबा, बॅग सापडली की फोन करा. लगेच न्यायला येतो."

बॅग अजून सापडलेली नाही.